संज्याचा ग्रेडर अन् माही पोटदुखी

राजेहो, आज सकाळपासून माह्या पोटात दुखून राहिलं. गोळी घेऊन फायदा नाही, कारण दुखणं संज्याच्या ग्रेडरचं आहे.

संज्या माहा चुलतभाऊ, शेजारचाच शेतकरी. मागच्या साली त्यानं परतवाड्याच्या भंगारातून रस्ता सपाट करायचा जुना ग्रेडर आणला. पार गंजलेला. मी चारचौघात म्हटलं, "संज्या, याच्यावर आता कोंबड्या बसव!"

आज तोच ग्रेडर पिवळाधमक होऊन आमच्या पांदण रस्त्यावर उभा होता. वरून नारळ फोडायले संज्यानं मलेच बोलावलं. "दादा, तुमी मोठे." मी असा आपटला का खोबरं शेताच्या धुऱ्यापलीकडं गेलं.

मंग त्यानं पातं खाली टाकलं अन् वाळलेल्या चाकोऱ्या खरडत थेट माह्या फाटकापर्यंत रस्ता करून देल्ला. भांडाले जागाच नाही ठेवली!

बायको म्हणे, "पाहा, भाऊजीनं कसा रस्ता केला." मी रागानं तो रस्ता सोडून बांधावरून पायी घरी आलो.

संध्याकाळी मोटारसायकल काढली अन् त्या रस्त्यात खड्डा शोधत फिरलो. एकबी नाही सापडला.

तुमच्यापैकी कोनी तिकून गेलं अन् एखादा दिसला, तर लगेच सांगजा. मले आज जेवन गोड लागन.