नंबरच्या कुलपाची बॅग

माझ्या लग्नात भांडी कोणती आली, कपाटाचा रंग कोणता, गादीत कापूस किती भरला, यातलं काही मी विचारलं नाही. हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. हातातली बॅग मी स्वतः निवडणार. हातातली म्हणजे टेम्पोत सामानाबरोबर न टाकता नवरी मांडीवर घेऊन बसते ती. ती चांगल्या कंपनीची हवी आणि तिचं कुलूप माझ्याशिवाय कुणालाही उघडता येऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

याचं कारण माझी थोरली बहीण. तिला लग्नात पत्र्याची पेटी दिली होती. आमच्याकडे तेव्हा नवी सून आली की तिची पेटी चारचौघींत उघडायची, साड्यांना नावं ठेवायची आणि मग चावी सासूच्या कमरेला जायची. बहिणीची दहावीची मार्कशीट त्या पेटीत तळाशी होती. वर्षभराने तिला ती सापडली फडताळात, लोणच्याच्या बरणीखाली. खाराने आकडे विरघळून गेले होते. मुद्दाम कुणी केलं नाही गं, असं बहीण म्हणाली. मी ते मानलं नाही, आणि तेव्हापासून मी सहसा कुणाचंच मानत नाही.

मी बी.ए. झाले होते. पेडगावचं स्थळ आलं तेव्हा त्यांचा निरोप होता, मुलगी शिकलेली पाहिजे, पण नोकरी करायची नाही. मग शिकलेली कशाला पाहिजे, दारात तोरणासारखी लावायला? हे मी तोंडावर म्हणाले नाही. मनात ठरवलं की एक-दोन वर्षं जाऊ द्यायची, आणि मग मास्तरकीचा अर्ज करायचा. तोवर कागद जपायचे. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावासाठी माणसांची घरं जळालेली आमच्या पिढीने पाहिली होती. कागदावर काय लिहिलं आहे याला किती किंमत असते, हे मला वेगळं कुणी शिकवायची गरज नव्हती.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, राणीसावरगावात किराणा दुकान होतं. स्वतः दुकानदार असल्यामुळे दुसऱ्या दुकानदारावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं आई म्हणायची, अर्थात अप्पा समोर नसताना. बॅग आणायला आम्ही परभणीला निघालो ती आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेला बंद होता, सगळं शहर शटर ओढून बसलेलं, तसेच हात हलवत परत आलो होतो. अप्पांना संशय, की बंदच्या नावाखाली व्यापारी भाव वाढवतात. पोखर्णीला बस थांबली तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून नरसिंहाला हात जोडले, पण पैशाची पिशवी मांडीखालून काढली नाही.

दुकानात भिंतभर बॅगा लावलेल्या होत्या. चांगल्या म्हणाव्या अशा कंपन्या दोनच. एकीची जाहिरात टीव्हीवर यायची, दुसरीची मासिकाच्या मागच्या पानावर. टीव्हीवाली हलकी, चकचकीत, आणि तिला दोन्ही बाजूंना तीन-तीन आकड्यांचं नंबरचं कुलूप. मासिकवाली जड, भक्कम, कडांना धातूची पट्टी, आणि तिला चावी. किमतीत फारसा फरक नव्हता.

अप्पांनी दोन्ही बॅगा खाली घेतल्या. टिचकी मारून आवाज ऐकला, उघडून आतला वास घेतला, कंपनीच्या नावाची पट्टी नखाने उचकटून पाहिली. मग मासिकवालीवर चक्क बसले.

"काका, ती बसायला न्हाई, न्यायला हाय," दुकानदार म्हणाला.

"बसल्याबिगर कळत न्हाई," अप्पा म्हणाले. आणि तसंच बसल्या-बसल्या त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला, "तुमच्या पोरीला लग्नात कंची दिलीत?"

"ही, नंबरची," दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला. "लय भारी हाय. चावी सांभाळायची कटकटच न्हाई."

झालं. त्या क्षणी टीव्हीवाली अप्पांच्या मनातून उतरली. दुकानदार ज्याची तारीफ करतो तो माल पडून राहिलेला असतो, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. "चावीची द्या," ते म्हणाले. "नंबर इसरला तर काय ब्याग फोडायची?"

चावी म्हणजे पुन्हा सासूची कंबर. पण अप्पांशी वाद घालून उपयोग नसतो, त्यांच्याशी संशयाच्याच भाषेत बोलावं लागतं. मी विचारलं, "या सगळ्या ब्यागांच्या चाव्या येगयेगळ्या असत्यात का?"

"अगदी येगळ्या. गॅरंटी हाय," दुकानदार म्हणाला.

त्याने गॅरंटी म्हटलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. समोर तपकिरी बॅग होती, तिच्या मुठीला चावी बांधलेली. मी ती सोडवली, शेजारच्या लाल बॅगेच्या कुलपात घातली आणि फिरवली. खट्. लाल बॅग उघडली. मग राखाडी. खट्. तीही उघडली.

दुकानदार हसला. "योगायोग हाय, ताई."

अप्पा बॅगेवरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो माझं लग्न ठरलं तेव्हाही मी पाहिला नव्हता. आपला संशय खरा ठरल्याइतकं सुख त्यांना दुसरं कशातच नव्हतं. "नंबरची बांदा," ते म्हणाले. पुढे आठवडाभर ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना सांगत होते, फक्त तीत चावी त्यांनी स्वतः फिरवलेली असायची.

परतीच्या बसमध्ये मी बॅग मांडीवर घेऊन नंबर लावला. अप्पा म्हणाले, "मला सांगून ठेव. इसरलीस तर कुनाकडं जाशील?" मी नंबर सांगितला, पण खोटा. अप्पांनी तो गंगाखेड येईपर्यंत पुटपुटत पाठ केला. आज हे आठवलं की मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा मात्र जराही वाटलं नव्हतं.

पेडगावला अपेक्षेप्रमाणे बायका जमल्या. मी बॅग स्वतः उघडली, साड्या दाखवल्या, झाकणाच्या कापडी कप्प्याची चेन तेवढी लावलेलीच ठेवली आणि सगळ्यांसमोर आकडे फिरवून बॅग बंद केली. नणंदेने लगेच विचारलं, "नंबर काय हाय, वैनी?" मी हसण्यावारी नेलं. चार दिवसांनी नवऱ्याने विचारलं, "माझ्यापासून काय लपवायचं हाय?" मी म्हणाले, वेळ आली की सांगेन. ते पंधरा दिवस घुश्शात होते. पाव्हणेसुद्धा विचारून गेले.

विचारलं नाही ते एकट्या सासूबाईंनी. बाई कमी बोलणारी, रेशनकार्डावर अंगठा उठवणारी. त्या बॅगेकडे बघायच्या, बघतच राहायच्या, पण नंबराचं नाव काढायच्या नाहीत. जो विचारत नाही तो स्वतः शोधत असतो, असं माझं मन मला सांगायचं.

म्हणून मी खुणा ठेवायला लागले. बॅग बंद केली की दोन्हीकडे सगळे पाच आणून ठेवायची. संध्याकाळी बघावं तर कधी उजवीकडचे पाच हललेले, कधी डावीकडचे. बॅग उघडलेली नसायची, पण कुणीतरी खटपट करून गेलेलं असायचं. एकदा दळण टाकून गिरणीतून लवकर परतले, तर सासूबाई माझ्या खोलीत, बॅग मांडीवर घेऊन एकेक आकडा फिरवत बसलेल्या. आकडा फिरवायच्या, खटका दाबून बघायच्या, परत फिरवायच्या. मी पावलांचा आवाज न करता मागे फिरले. लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आली. एवढ्या गरीब चेहऱ्याची बाई, आणि ही कारस्थानं! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले, आणि त्यांनी वाढलेलं निमूट खाल्लं तरी मनात म्हणायची, तुम्हाला मी ओळखून आहे.

असे सहा महिने गेले. कापूस वेचणीचे दिवस होते. घरातले सगळे रानात, मी आणि सासूबाई दोघीच घरी. दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात हळदीचा डबा, काखेत परात.

"तुझ्या ब्यागीत जरा जागा हाय का?" त्यांनी विचारलं.

मी सावध झाले. "कशाला, आत्याबाई?"

त्यांनी डब्यातली हळद परातीत ओतली. तळाशी मेणकापडाची घडी होती. घडीत एक कागद, कडेने पिवळा पडलेला, गोल शिक्क्याचा. अक्षरं उर्दू.

"चवथी पास झाल्याचं हाय," त्या म्हणाल्या. "निजामाच्या वक्ताचं."

मी म्हणाले, "पण तुमी तर अंगठा लावता!"

"लगीन होऊन आले तवा या घरात कुनीच शिकलेलं नव्हतं. सासू म्हनली, नवऱ्याम्होरं शानपना दावायचा न्हाई. मंग अंगठा लावला. एकदा लावला की लावतच ऱ्हावं लागतंय." त्यांनी बोट कागदावर ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे नेलं. "हे माझं नाव. माह्यारचं. हितं कुनाला ठाव न्हाई."

त्यांनी ते नाव वाचून दाखवलं. लग्नात बदललेल्या नावापेक्षा ते कितीतरी गोड होतं.

मला राहवलं नाही. "आत्याबाई, तुमी माझ्या ब्यागीचे आकडे फिरवायच्या ना?"

"व्हय की," त्या सरळ म्हणाल्या. "सा महिने झाले, बगायलते उघडतीय का. कंदी ह्या बाजूनं, कंदी त्या. एकदा बी उघडली न्हाई. मंग म्हनलं, कुलूप खरं हाय."

माझी मान खाली गेली. अप्पांनी ही बॅग दुकानात एकदाच टिचकी मारून पाहिली होती. या बाईने ती सहा महिने पारखली होती, आणि मी तिला चोर ठरवून बसले होते. शरमेने मला त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी द्यावं म्हणून मी म्हणाले, "नंबर सांगते तुमाला. कवा वाटलं तर काढून बगा."

"नगं!" त्या घाईने म्हणाल्या. "मला सांगू नको. घरात कुनी दरडावून इचारलं तर माझ्या तोंडातून निगंल. मंग तुझे कागद बी जातील आन् माझा बी." माझे कागद आत आहेत हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी बॅग पुढे ओढली आणि आकडे जुळवायला लागले. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, आणि आतला कप्पा उघडून, त्यांचा कागद माझ्या पदवीशेजारी ठेवून, दोन्ही कुलपं लागल्याचा आवाज येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.