खालची अक्षरं

दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली आणि हे मोटारसायकल काढून कोपरगावला नाहीतर उसाकडं गेले, की मी आणि आत्या कोरियाला जायचो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, आत्यांनी पुढ्यात लसूण नाहीतर शेंगा घ्यायच्या आणि मी शेजारी बसून पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं मराठीत वाचून दाखवायची. हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिकाही मिळतात, पण त्या आत्यांना चालत नसत. "त्वांड एकीकडं रडतंय न् आवाज दुसरीकडून येतोय. तिचं तिला रडू दे की," म्हणायच्या.

हे वेड घरात आणलं माझ्या नणंदेनं. कॉलेजात असताना ती मला घेऊन बसायची, आणि मग आम्ही दोघी त्या नायकांवरून भांडायचो. आत्या तेव्हा येता-जाता डोकावून बोलायच्या, "त्या पोराला कुनी तूप-भाकरी घाला गं, लई वाळलाय." पुढं नणंद गेली. म्हणजे तिनं लग्न केलं, कोर्टात, तिच्या मनानं. मुलगा बौद्ध, आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडं शाळेत शिक्षक, वागायला सरळ. आमच्या घरात मात्र ती मेल्यासारखं झालं. मामा, म्हणजे सासरे, वारल्यापासून घरात ह्यांचाच शब्द. ह्यांनी सांगून टाकलं, "आई तिकडं गेली, नाहीतर ती हिकडं आली, तर मी ह्या घरात जेवणार न्हाई." ती गेल्यावर काही दिवसांनी आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ती बघायची ते लाव की." तेव्हापासून त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

मी काही सरळ वाचणारी बाई नाही, हे आधीच सांगते. सासूपुढं काय वाचावं आणि काय गिळावं, याचा हिशेब सुनेच्या डोक्यात सारखा चालू असतो. नायक-नायिका जवळ आले की मला चुलीवरचं दूध आठवायचं आणि मी बोटानं पुढं सरकवायचे. हिरव्या बाटल्या उघडल्या की मी म्हणायचे, सरबत पिताहेत. एकदा आत्यांनी शेंगा फोडणं थांबवून मला विचारलं, "सरबत पिऊन मानूस असा झोकांड्या खातो व्हय?" आम्ही दोघी खूप हसलो. दारूचं त्यांनी ओळखलं, कारण दारू त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. बाकीचं सगळं मात्र त्या माझ्या तोंडून घ्यायच्या.

आणि त्यांना ते सगळं आपलंच वाटायचं. दाराशी चपला काढतात, खाली बसून जेवतात, मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत, मेलेल्या माणसांपुढं ताटं मांडतात. "ही तर आपली पित्रं," आत्या म्हणाल्या होत्या. कोबीचं ते तिखट लोणचं घालायला बायका एकत्र जमल्या, की त्यांना त्यांच्या माहेरच्या कुरडयांची आठवण यायची. मीही वाचताना सगळं आपल्यात आणून ठेवायचे. तिकडं बाळंतिणीला समुद्रातल्या शेवाळाचं सार देतात. आता शेवाळ म्हटलं तर आत्यांनी तोंड वाकडं केलं असतं. मी सांगितलं, "अळिवाच्या खिरीसारखं असतं, बाळंतिणीला देतात." त्यांना लगेच पटलं.

नणंदेशी माझं मोबाईलवर चोरून बोलणं होतं. ह्यांना माहीत नव्हतं, आत्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघी त्याविषयी बोलत नव्हतो. तिला दिवस गेल्याचं मी आत्यांना चपात्या लाटता लाटता सांगितलं. त्यांनी तव्यावरची चपाती उलटली. पण सातवा लागला तसं त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्यात लेकीला घेऊन यायचं, ही रीत काय त्यांना कुणी शिकवायला हवी होती? आणणं तर शक्यच नव्हतं. मग एके दिवशी बाजारातून त्यांनी डिंक आणि खारीक आणली. दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात खारीक कुटता कुटता मला विचारलं, "अकोल्याची यष्टी संगमनेरावरून जाती का गं?"

त्याच आठवड्यात नणंदेचा मेसेज आला. एका मालिकेचं नाव, कोणता भाग ते, आणि खाली: "वहिनी, हा भाग आईला दाखव ना. मी स्वतः काही म्हणणार नाही, माझं तोंड नाही. पण तिनं बघितलं तर तिला कळेल."

भाग मी आधी पाहिला नाही, तिथंच चुकले. आत्यांना शेजारी बसवून सरळ लावला. गोष्ट अशी, की मनाविरुद्ध लग्न करून शहरात गेलेली एक मुलगी बाळंत होते आणि तिची म्हातारी आई कापडात बांधलेलं भांडं मांडीवर घेऊन एसटीनं, म्हणजे तिकडच्या बसनं, तिच्या दारात येते. मुलगी दार उघडते. दोघी एकमेकींकडं बघत राहतात. मग मुलगी खाली बसते, आईनं आणलेलं सार पिते आणि पिता पिता तिला रडू फुटतं. आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी पडद्यावरून डोळे न काढता विचारलं, "काय म्हनती ती?"

खाली अक्षरं आली होती. स्वच्छ, सोपी इंग्रजी. आई, मी रोज दाराकडं बघत होते.

माझ्या डोळ्यांपुढं एकदम सगळं उभं राहिलं. उद्या सकाळी आत्या पिशवी घेऊन निघणार, संध्याकाळी हे ताटावरून उठणार, घरात आठ-आठ दिवस कुणी कुणाशी बोलणार नाही आणि त्या सगळ्याच्या मधोमध मी. भीती वाटली, हे खरं. पण नुसतीच भीती असती तर मी स्वतःला कधीच माफ करून टाकलं असतं. त्याखाली आणखी काहीतरी होतं. घरच्यांनी दाखवलेल्या मुलाशी मी मुकाट्यानं लग्न केलं होतं. माझी पहिली खेप माहेरी झाली तेव्हा माझ्या आईचं दुखणं चालू होतं, लाडू वगैरे काही झालं नाही, आणि आत्यांनी तेव्हा डिंक आणला नव्हता. आणि हिनं मनासारखा नवराही करायचा आणि वर आईच्या हातचे लाडूही खायचे? हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला, आणि तोच बोलला.

"म्हणते, आता कशाला आलीस," मी म्हणाले. "मी तुझ्यासाठी मेले, असं समज."

पडद्यावर ती मुलगी घोट घोट घेतच होती. आत्यांनी विचारलं, "मंग पेती कशाला?"

"भूक लागलीय. बाळंतीण आहे ना."

मला वाटलं होतं, त्या पकडतील. सरबताचं पकडलं तसं. पण नाही पकडलं. लेक आपल्याला दारातून परत लावील, हे भय त्यांच्या पोटात आधीपासूनच होतं. त्यांच्या मनातलंच मी त्यांना वाचून दाखवलं. मग ते खोटं कसं वाटावं? त्यांनी शेंगांचं सुपडं उचललं आणि म्हणाल्या, "बंद कर. डोळं दुकायला लागलं."

लाडू झाले. कुटलेली खारीक वाया कोण घालवतं? आत्यांनी डिंक तळला, खोबरं भाजलं, लाडू वळले आणि डबा फळीवर ठेवून दिला. ह्यांनी सकाळी चहाबरोबर दोन खाल्ले आणि म्हणाले, "यंदा लाडू लई भारी झाल्यात." आत्यांनी नुसती मान हलवली. मला एक दिला, तो मी खाल्ला. बाळंतिणीचा लाडू होता तो, तिच्या कमरेसाठी, तिच्या दुधासाठी. मला तो गोड लागला, हे सांगायचीही लाज वाटते.

नणंदेनं विचारलं, "आईनं बघितला का?" मी लिहिलं, "बघितला." तिनं विचारलं, "काय म्हणाली?" मी लिहिलं, "तुझ्याविषयी काही बोलल्या नाहीत." दोन्ही वाक्यं खरी होती. अशा खऱ्या वाक्यांना मी फार हुशार आहे.

तिला मुलगी झाली. मी आत्यांना अंगणात गाठून सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल जवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. नाक कुणावर गेलंय ते काही बोलल्या नाहीत, पण ते त्यांच्यावरच गेलं होतं.

"बाळातपन कोन करतंय?"

"सासू करताहेत."

"शेक-शेगडी, मालिश, समदं?"

"सगळं करतात म्हणे. जीव लावतात."

"मंग बरं हाय," म्हणाल्या. आणि मोबाईल माझ्या हातात देता देता, समजूत घातल्यासारखं, म्हणजे माझीच समजूत घालत, त्या बोलल्या, "आपून जाऊन तरी काय हुनार हुतं? त्या तिकडच्या पोरीनं आईला काय म्हनलं, बघितलं न्हवं आपून? पोरी एकदा गेल्या की गेल्या."

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. आत्या ते वाक्य धरून बसल्या होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या बाईलाही त्यांनी ते ऐकवलं, कोरियातल्या लेकीनं आईला काय सुनावलं ते, जणू भावकीतच घडलेलं कुणी सांगावं तसं. तरीही मी लगेच बोलले नाही. सव्वा महिना होऊन गेला, बाळंतीण हिंडू-फिरू लागली, तिच्या सासूनं बारसंही केलं, आणि त्यानंतर मी बोलले. उशिरा बोलण्यात माझी सोय होती, आता काही बिघडायचं राहिलं नव्हतं.

"आत्या, ती मुलगी तसं म्हणाली नव्हती."

"कंची मुलगी?"

मी सांगितलं. त्या निवडत होत्या ती मेथी त्यांनी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "लाव."

मी लावला. दार उघडलं, दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, मुलगी रडली. ह्या वेळी मी शब्दन् शब्द वाचला. आई, मी रोज दाराकडं बघत होते. आत्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणाले.

"का केलंस?"

"ह्यांचं भ्या वाटलं."

"त्येचं?" आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आगं, मी त्येची आई हाय. त्येचं भ्या मला न्हाई, न् तुला हुतं?" दुसरं कारण मी सांगितलं नाही. ते मी आत्ता इथं पहिल्यांदा लिहितेय. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई म्हनून तर तुझ्या तोंडाकडं बघत हुते." एवढंच. ओरडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ह्यांना सांगितलं, "मी अकोल्याला चाललेय. नात बघायला." हे कप खाली ठेवून बोलायला लागले, पुष्कळ बोलले, समाज काढला, मामांचं नाव काढलं. आत्या पिशवी भरत राहिल्या. "तू नको जेवू," त्या म्हणाल्या, "पन मी जानार." लाडू त्यांनी नेले नाहीत, त्यांचे दिवस निघून गेले होते. झबलं-टोपडं आणि लेकीला एक साडी घेतली आणि त्या एसटीत बसल्या.

संध्याकाळी मी भीत भीत ताट वाढलं. हे आले, हातपाय धुतले, बसले आणि जेवले. रोजच्यासारखं, वर थोडी भाजीही मागून घेतली. जिच्या भीतीनं मी एवढं केलं, ती गोष्ट झालीच नाही. ते जेवताना मी भिंतीला टेकून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर नणंदेचा व्हॉइस मेसेज आला. मागं बाळ कुरकुरत होतं. "वहिनी, आई आलीय. मी दार उघडलं तर समोर आई! काल सगळा वेळ तिनं बाळाला खाली ठेवलं नाही. तू तो भाग दाखवलास म्हणून हे झालं गं. तुझे उपकार मी कधी विसरायची नाही." मी ते ऐकलं आणि परत ऐकलं. आत्यांनी तिला सांगितलेलंच दिसत नव्हतं.

चार दिवस राहून त्या परत आल्या. पाणी दिलं, त्यांनी घेतलं. मी विचारलं, "तुम्ही ताईंना माझं काहीच सांगितलं नाही?"

आत्यांनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं.

"काय सांगायचं? तिचा भाऊ तर तिला गेल्यातच जमा हाय," त्या म्हणाल्या. "वैनी तरी राहू दे तिला."