पुन्हा चेष्टा करा

विसरलात ना मला? विसरणारच... ज्यांना स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस फोनने सांगावा लागतो, त्यांच्याकडून मी काय अपेक्षा धरू! कोलकात्याची आजी हो, बेहालाची. मी बोलतेय, सूनबाई टाइप करतेय. मला अक्षर ओळखता येत नाही, पण तिने मधलं काही गाळलं की तिच्या तोंडाकडे बघून मला बरोबर कळतं.

तर ऐका... मागच्या रविवारी आमच्या घरात वाघ शिरला. फोनमधून.

माझी नात मुक्ता गेम बनवते. खेळत नाही हो, बनवते! सॉल्ट लेकला तिची आणि तिच्या कॉलेजातल्या अनिर्बानची एवढीशी कंपनी आहे. दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि जिकडेतिकडे न धुतलेले चहाचे कप.

त्यांचा पहिलाच गेम वाघ आणि शेळ्यांचा. मी लहानपणी अंगणात कोळशाने रेघा ओढून खेळायचे, तोच. आपण शेळ्या मांडून वाघाला कोंडायचं, आणि वाघाने उडी मारून शेळी मटकवायची. अनिर्बानकडे याला बाघबंदी म्हणतात.

हा गेम ऑनलाइन दुकानात ठेवायचा होता. तिथे म्हणे जगभरचे गेम ओळीने मांडलेले असतात, त्यात आपला कुणाला दिसणार? लोक परत परत खेळले तरच दुकानवाले तो पुढे आणतात. आणि इथे चाचणीसाठी ज्यांना गेम दिला, ते लोक एकदा हरले की गेम पुसून मोकळे!

मुक्ताने बापाला शब्द दिला होता... हा चालला नाही तर कंपनी बंद, आणि बंगळुरूची नोकरी. घरात कोणी विषय काढत नव्हतं. पण तिची मोठी बॅग माळ्यावरून खाली आली होती. पुस्तक नसेल येत, बॅग मला वाचता येते.

तर रविवारी दुपारी तिने फोन माझ्या हातात दिला. "आजी, तुझ्यासाठी यात मराठी आवाज टाकलाय. वाचायला नको, नुसतं ऐक आणि खेळ." बरं म्हटलं. खेळले... आणि वाघाने माझ्या शेळ्या भराभर खाल्ल्या.

तेवढ्यात फोनमधून मुक्ताचाच गोड आवाज आला, "तुम्ही हरलात. पुन्हा चेष्टा करा."

आता मला काय, सांगितलेलं काम मी मन लावून करते. केली सुरुवात! "ए पट्टेरी मांजरा! गरीब शेळ्या खाऊन मिशा काय पिळतोस? मासळीबाजारातला बोका तुझ्याहून चपळ आहे. आणि अंग कुठे रंगवून घेतलंस रे, पट्टे वाकडे आलेत!"

मुक्ता धावत बाहेर आली. "आजी, कोणाला शिव्या देतेस?"

"शिव्या कसल्या? तुझा फोनच म्हणाला, चेष्टा करा. म्हटलं पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आवडीचा गेम काढला!"

"अगं, चेष्टा म्हणजे ट्राय! प्रयत्न!"

"ते तुझ्या बंगाल्यांत. आपल्यात चेष्टा म्हणजे थट्टा."

पोरीचा चेहरा पांढराफटक. जन्म बेहालातला, शाळा इथली, मराठी माझ्याकडून ऐकून ऐकून आलेलं. 'पुन्हा चेष्टा करा' असं तिने गेमभर बोलून ठेवलं होतं! आणि शुक्रवारी गेम दुकानात लागायचा होता. तिने रडवेल्या आवाजात अनिर्बानला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं...

तिकडे तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "बदलू नकोस. दिदाला घेऊन ये." दिदा म्हणजे आजी, मीच!

दुसऱ्या दिवशी मी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हला, रेकॉर्डिंगला! कोपऱ्यातल्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या, समोर माइक. अनिर्बानचं म्हणणं असं की आता वाघानेच, माझ्या आवाजात, हरलेल्याची चेष्टा करायची. मला कोणी असं काम आजवर दिलं नव्हतं हो... मी सुटलेच.

"हरलात? असू द्या. शेळ्याच म्हणत होत्या, यांच्यापेक्षा वाघ बरा!" "तुमचा डाव येईपर्यंत मी आंघोळ करून आलो असतो!" अनिर्बान काचेपलीकडून ओरडतोय, "दिदा, आरेकटा!" म्हणजे आणखी एक होऊ दे. मुक्ता तर टेबलाखाली जाऊन हसत होती. किती महिन्यांनी तशी हसली पोर!

आवाज मराठीच ठेवला, अर्थ खाली बाकीच्या भाषांत लिहिला. शुक्रवारी गेम दुकानात लागला. आणि लोक हरले, चिडले... आणि परत खेळले! मुक्ता एकेक कॉमेंट वाचून दाखवत होती. हावड्याच्या कुणीतरी लिहिलंय, खालचं वाचायच्या आधीच समजतं की आपला अपमान झालाय. दुसरा म्हणतो, या म्हातारीला गप्प केल्याशिवाय मी जेवणार नाही. बस उपाशी!

काल सकाळी मुक्ता किंचाळतच उठली. दुकानवाल्यांनी आमचा वाघ पहिल्या पानावर मांडलाय! तिने माझ्यासमोर बंगळुरूला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि मग माझ्या मांडीत डोकं ठेवून पडून राहिली. मी तिचीही चेष्टा करणार होते... पण तिच्या केसांना तेल लावत बसले. आयुष्यभर माझ्या जिभेने माणसं तोडली असं सगळे म्हणायचे. या वेळी त्याच जिभेने एक माणूस जवळ ठेवलं, देवाची कृपा.

आता अभिनंदन म्हणून पेढे पाठवू नका, कोलकात्यात गोडाला तोटा नाही. थालिपिठाची भाजणी पाठवा, खमंग भाजलेली, जाडसर दळलेली. आणि माझ्या एकटीपुरती पुडी नको, मोठा डबा भरून पाठवा. मुक्ता घरीच जेवणार आहे.