काकांच्या घरावर बोजा

आयटीतली नोकरी सोडून मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये स्वयंपाकघरं नव्याने करून द्यायला लागले, तेव्हा पहिलं मोठं काम दिलं एका निवृत्त डॉक्टरकाकांनी. हाडांचे सर्जन. कपाटांची दारं गुडघा तपासावा तशी हलवून बघायचे. काम संपलं, काकूंनी नव्या ओट्यावर साबुदाणा वडे तळून मला खाऊ घातले, आणि काकांनी शेवटचा हप्ता अडकवून ठेवला.

"तिसरा ड्रॉवर कुरकुरतो," म्हणाले. तो बदलला. मग हँडलांचा रंग खटकला. तीही बदलली. असे तीन महिने गेले आणि काका फोन उचलेनासे झाले.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "लीन टाका." म्हणजे जिथे काम केलं त्याच घरावर आपला हक्क नोंदवायचा, आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढवतात तसा. तो उतरेपर्यंत घर विकणं अवघड. मात्र काम संपल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवायला हवा. माझ्या हातात तीन आठवडे होते.

पण गणपतीत ज्यांच्या पाया पडायचं, त्यांच्याच घरावर बोजा? निदान न सांगता नको, म्हणून काकूंना फोन केला. चाचरत सगळं सांगितलं. तर त्या चक्क हसायला लागल्या.

"अगं, टाक की! कागद हातात पडल्याशिवाय हे हलत नाहीत. माझी सही लागते का कुठे?"

"काकू, घर तुमचंही आहे."

"म्हणूनच सांगतेय. त्या ओट्यापाशी रोज मी उभी असते. तुझे पैसे अडलेत हे आठवलं की फोडणीसुद्धा सुचत नाही मला."

मी काउंटीच्या ऑफिसात लीन नोंदवला. नोटीस पोचल्यावर चौथ्या दिवशी काका चेक घेऊन माझ्या वर्कशॉपच्या दारात उभे.

"माझ्या घरावर लीन?"

"हो काका."

"दोनदा वाचला. एक चूक सापडेना!" आणि ते खो खो हसत सुटले. मीही.

चेक वटला, त्याच दिवशी मी बोजा उतरवला. पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात काका स्वतःच भेटेल त्याला हा किस्सा रंगवून सांगत होते, "काम हिलाच द्या, पण पैसे वेळेवर द्या!" त्या उन्हाळ्यात मला तीन स्वयंपाकघरं मिळाली.