पाण्याबिगर
शेजारच्या घरात गुग्गुळ जाळला की त्या वासासरशी मला पवनीच्या आमच्या परसातली एक संध्याकाळ आठवते. लग्नाच्या पहिल्या वर्षी फौजेतल्या नवऱ्याने जैसलमेरहून गुग्गुळाच्या झाडाची काडी आणली, बाजूच्या धानाच्या बांधीतलं पाणी मुळाशी येऊ नये म्हणून रेतीचा उंचवटा करून त्यावर लावली आणि परत निघताना बजावलं, "याले पाणी नको घालू. कोणी पाहलं नाही तरी जगते हे." पावसाळ्यात पालवलेलं ते काटेरी रोपटं थंडीत पार उघडं पडलं. वांग्या-मिरच्यांना पाणी घालून झालं की मी रिकामी बादली घेऊन त्याच्याजवळ बसायची. त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या काकूने विचारलं, "काहून वो, बरं हाये ना?" मी नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं, बोटाला हाच वास लागला. "बरं हाये," मी म्हटलं. "झाडाचं नाही वो," काकू म्हणाली, "तुहं विचारून राहिली मी." मी बादली उचलून आत गेले. काकू आता नाही. नवरा रिटायर होऊन घरीच असतो. झुडूप त्याच्या खांद्याला लागलंय, आणि आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवतो, "पहा, पाण्याबिगर कसं जगलं."