टेकडी निळी की हिरवी

“फोटोत टेकडी चांगली हिरवीगार आहे, मॅडम. आणि तुम्ही लिहिलंय, निळी टेकडी.”

पुण्याहून आमचे संपादक जोशी बोलत होते. मी प्रवासाची पुस्तकं लिहिते. वेल्सचं प्रकरण मात्र जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये घरी बसून लिहिलं होतं, कारण शेंगेन व्हिसावर ब्रिटनला जाता येत नाही. टेकडीचं नाव ब्रिन ग्लास. ब्रिन म्हणजे टेकडी, ग्लास म्हणजे निळा. शब्दकोशात तसंच होतं. मग मूळ नावच ठेवू, मी म्हटलं.

“लोकांना पाणी प्यायचा ग्लास वाटेल. उद्या फाइल प्रेसला जातेय. नाव जमवा, नाहीतर वेल्स काढून टाकतो.”

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. लिहिलेलं असं सहजी काढू देत नाही मी.

सायकल काढली आणि मैत्रिणीकडे, नेरिसकडे गेले. ती त्याच टेकडीच्या पायथ्याशी वाढलेली. नवरा साताऱ्याचा. मराठी सासूबाईंकडून शिकली, म्हणून नवऱ्याला अजून ‘अहो’ म्हणते.

तिने फोटो पाहिला आणि तिचा चहा तसाच राहिला. हळूहळू सांगत गेली. सकाळी धुकं उतरलं की गवत कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, ते कळायचं नाही. पलीकडचा समुद्रही त्यातच मिसळलेला. मेंढ्या हवेत चरतायत असं वाटायचं. जुनी माणसं गवतालाही ग्लास म्हणायची, समुद्रालाही.

“म्हणजे निळं की हिरवं?”

“हो, तेच तर. तू कुठे उभी आहेस, त्यावर आहे.”

मी पुन्हा फोटो बघितला. मला आठवडी बाजार दिसायला लागला. वडील तिथे साड्या विकायचे. एखाद्या साडीचा पदर उन्हात धरून सावकाश वळवायचे. इकडून हिरवा, तिकडून निळा. बायका बघत राहायच्या, मीही.

“धूपछाव,” मी म्हटलं.

नेरिसने शब्द दोनदा तोंडात घोळवला. “आईंची एक साडी आहे तशी. गेनाऊ, अगदी बरोबर. तीच आमची टेकडी.”

जोशींना फोन केला. नाव सांगितलं, साडीचंही सांगितलं.

“धूपछाव टेकडी,” ते म्हणाले. “राहू दे वेल्स.”

तेव्हापासून न पाहिलेल्या गावाबद्दल लिहायचं असलं, की मी आधी तिथलं माणूस शोधते. त्याच्यासमोर चहा ठेवते आणि स्वतः गप्प बसते.