पट्टी नसलेला डोळा

सत्तरच्या दशकात धावड्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा मी मायला घेऊन गेले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. उजवा शाबूत होता, आणि त्याच्या जिवावर ती चूल सांभाळायची, ज्वारी निवडायची, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांचं सगळं करायची. मी यादी करून सामान भरलं होतं: सतरंजी, तांब्या, धुतलेलं जुनं लुगडं, लिंबं. काही राहिलं नव्हतं.

शिबिराची रीत अशी की ऑपरेशन ज्या डोळ्याचं, त्याच्या भुवईवर चिकटपट्टी लावायची. डॉक्टर यायच्या आत स्वयंसेवकांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून रांग तयार ठेवायची. कुणाच्या भुवईवर पट्टी दिसली नाही, तर दोन्ही डोळ्यांत थेंब घालून मोकळं व्हायचं.

मायनं पट्टी काढून टाकली. ती कुंकवावर आली होती. "नवरा जित्ता आसताना कपाळाला चिकटपट्टी लावून बसू व्हय?"

मी पाणी भरून आले तोवर दोन्ही डोळ्यांत थेंब पडले होते. "अहो, ऑपरेशन डाव्याचं आहे," मी स्वयंसेवकाला म्हणाले.

"असू द्या ताई. दोन दिवस धूसर दिसंल, मंग बराबर."

माय म्हणाली, "पर मला सांजच्याला दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय, कपाळ ठणकतंय."

"आजी, इंद्रधनुष्य फुकटात दिसून राह्यलं, आन तक्रार करता?" रांग हसली. मायही हसली.

ऑपरेशन झालं आणि त्या काळच्या पद्धतीनं दोन्ही डोळे बांधले. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. उजव्या डोळ्यावर हात दाबून ती विव्हळत होती.

"आजी, चिरला डावा. उजवा कसा दुखंल? पित्त झालंय," स्वयंसेवक म्हणाला.

"मग सोडून बघा," मी म्हणाले.

"पट्टी डॉक्टरच सोडतील." आणि डॉक्टर पुढच्या गावच्या शिबिराला गेले होते. मी भांडले. टाके तुटले तर जबाबदार तुम्ही, असं सुनावून मला बाहेर बसवलं.

डॉक्टर परतल्यावर पट्टी सुटली, तेव्हा उजवा डोळा लालभडक होता, बुबुळ गढूळ. तिला एसटीनं जालन्याला नेलं. जुन्या जालन्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरीनं पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"काही डोळे पुढून उथळ असतात, पाणी निचरायची वाट चिंचोळी. थेंबांनी बाहुली मोठी झाली की ती वाट बुजते, आत दाब चढतो. काचबिंदूचा झटका. दिव्याभोवतीचं कडं ही त्याचीच खूण. आधी बाजूनं बॅटरी मारली असती तरी शंका आली असती."

"आता?"

"उशीर झाला, बाई. हा डोळा गेला."

शिबिराच्या समारोपाला जाऊन मी हे सगळं सांगितलं. उत्तर मिळालं, "तुमच्या आईनंच भुवईवरची पट्टी काढली म्हणे." पुढच्याच मिनिटाला यशस्वी रुग्ण म्हणून तिच्यासाठी नारळ दिला. डावा डोळा खरोखरच उत्तम झाला होता.

त्यावर पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. वडिलांना पाणी पाजताना भांडं ओठांच्या अलीकडेच वाकडं व्हायचं, त्यांचा गळा भिजायचा. "पुढं घे," ते म्हणायचे, "अजून पुढं."

"घेते," माय म्हणायची. "त्या शिबिरवाल्यायला बोलवा. म्हणावं, या बघायला, तुमचं यश पाणी पाजून राह्यलंय."